सुगी संपली, आता घरच्या मंडळींना मुंबई दाखवा



या सदरात एरवी खत, पाणी, बियाणे, कीड-रोग हेच विषय येतात. आजचा विषय जरा निराळा वाटेल, पण तोही शेतीच्या घराचाच आहे.

सातारा-सांगलीकडच्या गावांना मुंबई नवी नाही. पाटण, जावळी, खटाव, माण या तालुक्यांत असे घर क्वचितच सापडेल की ज्यातला एकही माणूस कधी मुंबईला पोट भरायला गेला नाही. कुणी गिरणीत होता, कुणी गोदीत, कुणी बाजारात पाठीवर पोती वाहिली. आजही द्राक्षाची गाडी घेऊन कुणी वाशीला जातो, कुणी मोर्चाला आझाद मैदानात जाऊन येतो. गडीमाणसांना मुंबई अशी तुकड्यातुकड्याने का होईना ठाऊक आहे.

पण त्याच घरातल्या बाईला विचारून पाहा. पंढरपूर झाले, जेजुरी झाली, शिखर शिंगणापूर झाले, पालीचा खंडोबा झाला. मुंबई? तर म्हणते, "सासूबाईंना केईएमला ठेवलं होतं तेव्हा पंधरा दिवस होते की." म्हणजे वॉर्ड पाहिला, औषधाच्या दुकानाची रांग पाहिली, आणि रात्रीच्या गाडीने परत. पंचवीस वर्षे रानात खपलेल्या बाईने समुद्र पाहिलेला नाही, अशी घरे माझ्या फिरतीत मला पदोपदी भेटतात. आणि घरी पैसा नव्हता म्हणून हे राहिले, असे दर वेळी म्हणता येत नाही. त्याच घरात दोन गाड्या उभ्या असतात. "तिला कशाला, ढोरं कोण बघणार?" एवढेच एक कारण असते.

तेव्हा पहिला प्रश्न ढोरांचाच सोडवू.

दुभत्या जनावराला हात बदललेला कळतो. अनोळखी माणूस धारेला बसला की म्हैस पान्हा चोरते, आणि नंतर दूध पूर्ववत व्हायला दिवस लागतात. म्हणून ज्या भावकीतल्या किंवा शेजारच्या माणसावर गोठा सोपवायचा, त्याला निघण्याआधी चार दिवस सकाळ-संध्याकाळ तुमच्या देखत धार काढू द्या. वैरण कापून ठेवा, पेंड किती आणि केव्हा ते दाखवून द्या, डॉक्टरांचा नंबर गोठ्याच्या दारावर खडूने लिहा. आज त्यांनी तुमचा गोठा सांभाळावा, पुढच्या महिन्यात तुम्ही त्यांचा. पैरा फक्त पेरणी-मळणीचाच करावा असे कुठे आहे?

दिवस कोणते निवडावेत ते ज्याच्या त्याच्या पिकावर आहे. द्राक्षबागायतदाराने माल उतरल्यावर खरड छाटणीच्या आधी चार दिवस साधावेत. छाटणी झाली की विरळणी, फुटी काढणे मागे लागते. हळद शिजवून अंगणात वाळत असताना घर सोडू नये. ऊसवाल्याने तोड झाली, खोडव्याला पहिले पाणी आणि खत गेले की निघावे. शाळेच्या परीक्षा संपून मे उजाडला तर मुंबईत घामाच्या धारा लागतात हे खरे, पण मुलांची सुट्टी तेव्हाच असते. जूनमध्ये मात्र जाऊ नका. तिकडे पाऊस आणि इकडे पेरणी, दोन्हीकडून हाल. दिवाळीनंतरचा आठवडा हवेला उत्तम, फक्त तेव्हा द्राक्षवाले फवारणीत गुंतलेले असतात.

आता पैसा. सोसायटीच्या पीककर्जातून सहल काढू नका, हे माझे स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा डेअरीचे दर दहा दिवसांचे बिल येते, त्यातून ठरावीक रक्कम बाईच्या नावावर बाजूला टाका. वर्षभरात चौघांची तीन दिवसांची मुंबई त्यातून निभावते. हल्ली आमची तरुण मुले दुबई, बँकॉक, सिंगापूरच्या जाहिराती मोबाईलवर दाखवतात. जरूर जावे, ऐपत झाली की. पण जी मुंबई आपल्याच भागातल्या माणसांनी अंगमेहनतीने उभी केली, ती घरच्यांनी न पाहता एकदम सिंगापूरला जाणे मला तरी उलटे वाटते.

प्रवासाला दोन वाटा आहेत. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे; ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना निम्मे आणि ७५ च्या पुढे मोफत. वय दाखवायला आधार कार्ड जवळ ठेवा. रेल्वेत ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, हे तिकीट काढताना ध्यानात असू द्या. कोल्हापूरहून मिरज, सांगली, कराड, सातारा करत जाणारी महालक्ष्मी एक्सप्रेस रात्रीची आहे, कोयना एक्सप्रेस दिवसाची. मुले बरोबर असतील तर येताना तरी कोयनेने या; घाटातले बोगदे मुलांना उजेडात दिसले पाहिजेत. आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी मिळते, पूर्वीसारखे चार महिने आधी नाही. सातारकरांना सांगायला नको, पण आपले स्टेशन गावाबाहेर माहुलीला आहे. गाडीच्या वेळेवर रिक्षा मिळेलच असे धरून चालू नका.

उतरायचे कुठे? पाहुणे असतातच. पण परळची किंवा कोपरखैरणेची खोली केवढी असते ते आपण जाणतो. सहा माणसांनी तिथे चार दिवस जाऊन पडले तर त्या घरच्या बाईची सुट्टी बुडते आणि आपल्या बाईला तिथेही भाकऱ्या थापाव्या लागतात. एक रात्र पाहुण्यांकडे जा, गूळ, हळद, बेदाणा, शाळूचे पीठ काय असेल ते घेऊन जा, आणि बाकीच्या रात्री साधे लॉज किंवा धर्मशाळा आधी फोन करून ठरवा. सुट्टीत चूल पेटवायची नाही, हा नियम घरातल्या कर्त्याने मोठ्याने बोलून दाखवावा.

सकाळी महालक्ष्मीतून उतरलात की पहिले प्रेक्षणीय ठिकाण तुम्ही उभे आहात तेच. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत १८७८ साली सुरू होऊन १८८८ ला पुरी झाली. २००४ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. सगळे घाईने बाहेर पळतात. तुम्ही रस्ता ओलांडून समोर जा आणि वर पाहा. दगडात मोर, माकडे, पाने, फळे कोरलेली आहेत. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. सिंह इंग्रजांचा, वाघ आपला. मुलांना जनावरे मोजायला लावा, अर्धा तास कुठे गेला कळत नाही.

तिथून चालत दहा मिनिटांवर जे आहे ते मात्र शेतकऱ्याच्या घराने चुकवू नये: क्रॉफर्ड मार्केट. ही मंडई १८६९ साली बांधून झाली. दरवाजाच्या वर दगडात कोरलेली चित्रे आहेत, ती शेतात राबणाऱ्या माणसांची. करणारा कारागीर होता लॉकवुड किपलिंग, जंगल बुकवाल्या रुडयार्ड किपलिंगचा बाप. राजे-महाराजे सोडून शेतकरी वेशीवर कोरावा असे त्या काळात कुणाला तरी वाटले, हेच विशेष आहे. या मंडईचे आजचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. फुल्यांचे मूळ घराणे आपल्या खटाव तालुक्यातल्या कटगुणचे; फुलांचा धंदा करू लागले म्हणून फुले झाले. त्यांना 'महात्मा' ही पदवी मुंबईतच १८८८ साली जाहीर सभेत देण्यात आली. ज्याने १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला त्याचे नाव मंडईला, आणि वर दगडात शेतकरी. तिथे उभे राहून मुलांना हे सांगा. आत गेल्यावर फळांचे भाव विचारा आणि आपल्या पट्टीवरचा भाव मनात आठवा. त्यावर मी जास्त बोलत नाही.

घाऊक फळबाजार पूर्वी इथेच होता. १९९६ साली फळे-भाजीपाला नवी मुंबईला वाशीला गेला. ज्यांचा माल तिथे जातो त्यांनी सहलीतली एक पहाट वाशीसाठी ठेवावी आणि बायकोला, मुलाला बरोबर न्यावे. आटपाडीच्या डाळिंबाचा क्रेट किंवा तासगावच्या द्राक्षाची पेटी तिथे कशी फोडतात, खरेदीदार हात कुठे घालतो, वरचा थर निवडक आणि खाली चुरा निघाला की पुढच्या डागांचा भाव कसा पडतो, हे डोळ्यांनी पाहिलेली बाई पुढच्या वर्षी पॅकिंगला बसताना आपोआप दक्ष होते. हे काम घरोघरी तीच करते ना? पट्टीवर हमाली, तोलाई, वाराई म्हणून जे कापले जाते ते कोणत्या कष्टाचे आहे तेही तिथे दिसेल. पाठीवर ओझे वाहणारे ते माथाडी पुष्कळसे आपल्याच भागातले. त्यांच्यासाठी १९६९ साली झालेल्या कायद्यामागे पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांची लढाई होती. टोकियोत २०१८ साली मासळीचा घाऊक बाजार जुन्या जागेतून तोयोसूला नेला, तेव्हा पाहुण्यांसाठी काचेआडची गॅलरी बांधली; वरून लिलाव पाहता येतो. आपल्याकडे अशी सोय नाही. हातगाडीवाल्याच्या वाटेत उभे राहू नका, लहान मुले कडेवर घ्या, आणि ओळखीच्या अडत्याच्या गाळ्यातच बसा.

गिरणगावाचेही तसेच. लालबाग, परळ, लोअर परळ. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुष्कळ जण पुन्हा आत गेलेच नाहीत. आपल्या कितीतरी गावांत त्या वर्षी माणसे ट्रंका घेऊन परतली आणि जिरायत रानावर एकदम खाणारी तोंडे वाढली. आज फिनिक्स मिलच्या जागी चकचकीत मॉल आहे, जुनी चिमणी तेवढी उभी आहे. आजोबा हयात असतील तर त्यांनाच घेऊन जा. त्यांची चाळ कुठे होती, पाळीचा भोंगा कसा व्हायचा, खानावळीत जेवण कसे असायचे हे त्यांना सांगू द्या. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. आजचे बचत गट पाहिले की मला ते नाव आठवते.

दक्षिण मुंबईचा भाग एका दिवसात पायी होतो. हुतात्मा चौकात शेतकरी आणि कामगार यांनी मिळून मशाल धरली आहे, ते शिल्प पाहा. पुढे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. त्याचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतला आहे; जतकरांना तो पाहताच ओळखीचा वाटेल. त्याच आर्किटेक्टने, जॉर्ज विटेटने, गेट वे ऑफ इंडिया बांधले. इंग्रज बादशहा १९११ साली आला त्याची ती आठवण, बांधून पुरी झाली १९२४ ला, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीतून बोटीवर चढून गेली. जवळच १९६१ पासून महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा आहे.

गेट वेपासून बोटीने सुमारे तासाभरावर घारापुरी. लेणी सोमवारी बंद असतात आणि पावसाळ्यात बोटी भरवशाच्या नसतात. वर चढायला शंभरावर पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा. आतली तीन मुखांची शिवमूर्ती अशी आहे की बोलणारा माणूस गप्प होतो. आणखी एक गोष्ट सांगतो. मुंबईचे दिवे रोज रात्री समोर दिसणाऱ्या या बेटावर कायमची वीज पोहोचली ती २०१८ साली, समुद्राच्या तळातून केबल टाकून. आपल्या वाडीवर थ्री-फेज रात्रीच येते म्हणून आपण चिडतो, त्या लोकांनी किती वाट पाहिली असेल! बोटीत लाईफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय बसू नका. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावर नौदलाच्या स्पीडबोटीची प्रवासी बोटीला धडक बसून माणसे गेली आहेत. खच्चून भरलेली बोट असेल तर ती सोडून द्या, पाठोपाठ दुसरी असते.

मुलांसाठी भायखळ्याची राणीची बाग. बुधवारी बंद. दक्षिण कोरियाहून आणलेले पेंग्विन २०१७ पासून तिथे थंडगार खोलीत आहेत. त्यांना पाहायला रांग असते. बागेलगतच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी एक दगडी हत्ती आहे, तो मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले ते याच हत्तीवरून. मला स्वतःला बागेतले जुने वृक्ष जनावरांहून अधिक आवडतात. बहुतेकांवर नावाच्या पाट्या आहेत, मुलाकडून वाचून घ्या.

मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट सगळ्यांना ठाऊक असतो. पण त्याच्या समोरची फिरोजशहा मेहता बाग, जिला हँगिंग गार्डन म्हणतात, ती पिण्याच्या पाण्याच्या टाकीच्या छतावर आहे हे पुष्कळांना सांगावे लागते. खाली शहराचे पाणी, वर मातीचा थोडा थर आणि त्यावर हिरवळ. शेततळे झाकायला काय करावे असे विचारणाऱ्यांनी ती मुद्दाम पाहावी, जमणार नसले तरी!

आणि संध्याकाळी मरीन ड्राईव्ह. आटपाडीकडच्या एका बाईंनी तिथे बसून एवढेच म्हटले होते, "एवढं पाणी, आणि घोटभर प्यायला नाही." टँकरच्या रांगेत ज्यांचा उन्हाळा गेला त्यांनाच असे सुचते. मागे उंच इमारतींतून दिवे लागत होते. कोयनेची वीज १९६० नंतर मुंबईकडे गेली आणि ज्यांची गावे शिवसागरात बुडाली त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरी ती फार उशिरा आली, हे मी त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "दिसतात मात्र छान." कठड्यापलीकडच्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर मुलांना उतरू देऊ नका, शेवाळ असते, पाय सटकतो.

फिरायला आता जमिनीखालची मेट्रो झाली आहे. आरे ते कफ परेड ही पूर्ण वाट ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हुतात्मा चौक, विज्ञान संग्रहालय, सिद्धिविनायक, दादर ही स्थानके एकाच वाटेवर आहेत. सरकत्या जिन्याची भीती वाटणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना लिफ्टने न्या, हसू नका. लोकलमध्येही एकदा बसवाच, पण सकाळी अकरा ते चारच्या दरम्यान. गर्दीच्या वेळी मुलाबाळांसह लोकल म्हणजे जत्रेतला पाळणा नव्हे. बायका बायकांच्या डब्यात आणि गडी दुसऱ्या डब्यात असे वेगळे झालात तर कोणत्या स्टेशनावर उतरायचे ते आधी दोनदा म्हणवून घ्या. लहान मुलाच्या खिशात बापाच्या मोबाईल नंबराची चिठ्ठी ठेवा. रोज सकाळी एक जागा ठरवा, की चुकलो तर इथेच उभे राहायचे, शोधायला फिरायचे नाही. पोलिसांसाठी ११२, हरवलेल्या मुलासाठी १०९८, रेल्वेत १३९.

एक गोष्ट बायकांसाठी, आणि ती गडीमाणसांनीच वाचावी. गावाकडच्या बाया प्रवासात पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा कुठे मिळेल हे माहीत नसते आणि विचारायची लाज वाटते. मग दुपारी डोके धरते, रात्री लघवीला जळजळते आणि सहल वाया जाते. संग्रहालये, मोठी रेल्वे स्टेशने, मॉल येथे सोय असते. दर दोन-तीन तासांनी अशा ठिकाणी थांबायचे असे दिवसाच्या आखणीतच धरा. कर्त्याने "चला, इथे थांबून घेऊ" म्हटले की कुणाला काही मागावे लागत नाही. पाण्याची बाटली सगळ्यांच्या हातात असू द्या.

खरेदीचा दिवस शेवटचा ठेवा, नाहीतर पिशव्या घेऊन घारापुरी चढावी लागते. बाईच्या हातात तिचे म्हणून वेगळे पैसे द्या आणि त्याचा हिशेब विचारू नका. परतल्यावर म्हशीने दोन दिवस दूध कमी दिले तर बोल तिला लावू नका, ती आधीची तालीम अपुरी पडली असे समजा आणि पेंड थोडी वाढवा.

ज्या वाचकांनी घरच्या मंडळींना घेऊन मुंबई केली असेल, त्यांनी उतरण्याच्या स्वस्त आणि स्वच्छ जागा कळवाव्यात. पत्र शक्यतो घरातल्या बाईने लिहावे. पुढच्या अंकी खोडव्यातले पाचट न जाळता कसे कुजवावे ते पाहू.